कुट्टूच्या शेवया

आषाढ व. ११, शके १८५६
गोदा आज आडावर घेरी येऊन पडली. माझी ही नणंद बावीसची, नवरा वारल्यापासून सासूबाईंनी सोमवार, शनिवार, एकादशी सगळे उपास मागं लावलेत. साबुदाण्यानं छातीत जळतं, ओकते. म्हटलं, "पोर मरंल की!" तर म्हणतात, "उपासानं कुणी मरत न्हाय." असा संताप आला!

आ. व. १३
ह्यांच्याकडून एक उपाय कळला. जपानात कापडाचं रंगकाम शिकत होते तेव्हा नुसत्या पांढऱ्या भातानं पाय सुजले, दम लागायचा. घरमालकिणीनं काळपट शेवया खाऊ घातल्या, 'सोबा'. हळूहळू उभारी आली. पोटाला हलक्या, अंगाला ताकद. पीठ कसलं? कुट्टूचं, धान्य नव्हे, एका झाडाच्या बियांचं! अगंबाई, शेजारच्या मारवाडी काकू उपासाला तेच खातात! वाडगाभर मागून आणलं.

श्रा. शु. ९
शेवया तुटतात मेल्या. जपानात गव्हाचं पीठ मिसळतात म्हणे, धरून राहायला. गहू घातला तर उपास मोडला. तुटू देत. बोटभर तुकडे शिजवले. शिजवलेलं पाणी ओतून देणार तर हे ओरडले, "सत्त्व त्यातच उतरतं, तिकडं शेवटी तेच पितात."

श्रा. शु. ११
गोदापुढं ताट ठेवलं. सासूबाई आल्याच.
"शेवई म्हंजे गहू. एकादशीला?"
"गहू असता तर तुटल्या असत्या का?"
"मला शिकवतीस व्हय? जपान्याचं खाणं माज्या घरात न्हाय चालायचं!"
हे उठून ओसरीवर गेले. समुद्र ओलांडून आले, पण आईपुढं मांजर. मी हलले नाही. म्हटलं, "ताट उचलायचं तर आधी मला उचला."
तेवढ्यात गोदा बोलली. दोन वर्षांत मोठ्यानं पहिल्यांदाच.
"आई, मला भूक लागलीया."
खाल्लं. वर शेवयांचं वाटीभर पाणीही प्याली. मला रडू आवरेना.

श्रा. शु. १२
गोदा ओकली नाही. सकाळी आपणहून वेणी घातली. म्हणते, "वैनी, सोमवारी पुन्ना करशील?"
सासूबाईंनी पारणं केलं नाही. कालच्या रागानं भिंतीकडं तोंड करून पडल्यात. भाकरी नको, दूध नको. शेवटी कुट्टूच्याच शेवया वाढून, झाकून समोर ठेवल्या. झाकण काढत नाहीत. मीही इथंच बसलेय, लिहीत. बघू कोण आधी उठतं ते.