उजव्या बाजूची केबिन

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. रुचिता,
आण्णाचे आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

तुझी आणि माझी तक्रार एकच आहे. तुझ्या आईला खिडकीची खोली मिळायला हवी होती. नऊ महिने तू ही तक्रार माझ्याविरुद्ध धरून बसली आहेस आणि मीही ती माझ्याविरुद्धच धरून बसलो आहे. म्हणजे निदान एवढ्या मुद्द्यावर आपण बापलेक एका बाजूला आहोत. तेव्हा हे पत्र न फाडता शेवटपर्यंत वाच. फोनवर मी भाषण करतो असं तू म्हणतेस, म्हणून कागद घेतला. कागदावर टाळ्या पडत नाहीत.

इकडे ठीक आहे. शेजारच्या बयाबाई भाकरी देतात आणि मी भांडं घासून दिलं की रागावतात. गेल्या आठवड्यात तालमीच्या पोरांनी फुटबॉल मारून जिन्यातला दिवा फोडला. मी वरून ओरडलो, तर खालून उत्तर आलं, "सर, आवाज बसलाय व्हय तुमचा? पयल्यासारखं लागंना झालंय!" हसू आलं. खरंच बसला आहे.

पर्युषण झालं. क्षमावाणीच्या दिवशी बस्तीतल्या मंदिरात बोलायला यंदाही बोलावलं होतं. क्षमा मागावी कशी आणि करावी कशी, हे तीस वर्षं मीच तिथं सांगत आलो. या वेळी नाही म्हणालो. बस्तीच्या कमिटीतला पारस घरी येऊन बसला. "सर, तुम्ही न्हाय तर कोण बोलणार?" मी म्हटलं, "ज्यानं एकदा तरी मागितली आहे असा कुणीही."

आता कामाचं. तू आम्हाला दिलेली जहाजाची सफर आई गेल्यावर ट्रॅव्हलच्या ऑफिसनं पुढच्या हंगामावर ढकलली होती, हे मी विसरलो होतो. परवा तिथल्या तेजस्वीचा फोन आला. मुंबईहून कोचीकडं जाणारं जहाज आहे, ऑक्टोबरची अकरा तारीख. दोन नावं आणि केबिनचा प्रकार येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे. रद्द कर, हे तोंडानं सांगावं म्हणून मी राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात गेलो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच खुर्च्यांवर आम्ही दोघं बसलो होतो. तेजस्वीनं चित्रं मांडली होती. आतली केबिन, तिला खिडकीच नाही. खिडकीची केबिन. बाल्कनीची केबिन. तू आईला बजावलं होतंस, हवी ती घे, आण्णांचं ऐकू नको. आईनं बाल्कनीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी उभा राहिलो. बसून मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. समुद्र सगळ्यांचा आहे, म्हणालो. डेक सगळ्यांना मोकळा असताना आपल्या खोलीपुरता समुद्र वेगळा कापून घ्यायचा, ही सरंजामी हौस आहे. जहाजाच्या पोटात काम करणाऱ्या माणसाला खिडकी असते का? आतली केबिन लिही. मागं ताटकळलेल्या दोघा पावण्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं चित्रावरचं बोट उचललं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला."

जिना उतरताना एवढंच बोलली, "मला आपला दिवस दिसला असता."

"घड्याळ आहे की."

"घड्याळ माणसाचं असतंय हो."

तिचं व्रत तुला ठाऊक आहे. लग्नाआधीपासून दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही. मी व्रतं पाळणारा नव्हतो. पुस्तकं वाचली, शंका घेतल्या, स्वामींशीही वाद घातले. पण तिच्या व्रताच्या आड कधी आलो नाही, याचा मला अभिमान होता. होता, असंच लिहायला हवं.

डिसेंबरात ती दवाखान्यात पडली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर खिडकीची खोली रिकामी होती आणि मी सामान्य वॉर्ड घेतला, हे तुला माहीत आहे. जे सगळ्यांना तेच आपल्याला, असं मी डॉक्टरांना ऐकवलं. तिची खाट दोन भिंतींच्या कोपऱ्यात होती. तिथं रात्रंदिवस ट्यूबलाइट. तू पुण्याहून आलीस आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणालीस, "आण्णा, तुमच्या समतेसाठी माझी आई वापरू नका." तोवर वरची खोली गेली होती. चाळीस वर्षांत माझं भाषण एका वाक्यात पाडणारी तू एकटीच. मी उत्तर दिलं नाही. तू समजलीस, मला ताठा आहे. तसं नव्हतं. तुला अर्धंच माहीत आहे आणि उरलेलं तू विचारशील, याची मला भीती वाटत होती.

उरलेलं लिहितो.

तू येण्याच्या आदल्या दिवशी कागलला माझी सभा होती. विषय सांगतो, हसू नको: दवाखान्यात सर्वांना समान वागणूक. आईच म्हणाली, जाऊन या, लोक वाट बघत असतील, येताना तेवढा डबा आणा. बयाबाईंनी मुगाची पातळ खिचडी करून दिली. दवाखाना कागलच्या वाटेवरच, म्हणून डबा बरोबर घेऊन गेलो. वीस मिनिटं बोलून साडेपाचला तिच्यापाशी पोचायचं, असा हिशेब होता. सभा भरलेली होती. वीस मिनिटं झाली आणि टाळ्या पडल्या. मी आणखी बोललो. पुन्हा पडल्या. डबा स्टेजवर माझ्या खुर्चीखाली होता, रुचिता. बोलताना दोनदा माझा पाय त्याला लागला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. बाहेर अंधार. तिनं दुपारी तपासणीमुळं काही खाल्लं नव्हतं. मला बघून उठून बसली. रागावली नाही. विचारलं, "दिवस हाय का?"

मी म्हणालो, "हाय की. जेव."

आयुष्यभर मी खरं बोलण्यावर बोललो. ती दोन वाक्यं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. भुकेली आहे, अशक्त आहे, एवढंच मनात होतं, असं सांगून सुटता येईल. पण त्याच्याआधी मनात आलं होतं ते वेगळं. उशीर माझ्या भाषणामुळं झाला, हे तिला कळायला नको.

तिनं डोळे मिटून हात जोडले आणि जेवायला लागली. चार घास खाल्ले. तेवढ्यात वॉर्डात कामाला असलेल्या शालूबाई बाहेरून आल्या, डोक्यावरचा स्कार्फ सोडत म्हणाल्या, "काय बाई अंधार पडलाय भायेर! दिवेलागण कवाच झाली."

आईनं चमचा खाली ठेवला. तोंडातला घास गिळावा की टाकावा, तिला कळेना. शेवटी रुमालात काढला. झाकण लावून डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमचा आवाज कधी खोटा वाटला न्हाय मला." तक्रार म्हणून नाही. नवल वाटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रायश्चित्ताचा उपास धरला. त्यानं काही बिघडलं नाही, सलाईन चालू होतं, हृदयच थकलं होतं, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं आणि मला ते पटतं. मला छळतं ते दुसरंच. तू आल्यावर रोज संध्याकाळी ती शालूबाईंना हाक मारायची, "दिवस हाय का हो?" तू एकदा म्हणालीस, "आई, आण्णा इथंच बसलेत की, त्यांना विचार ना." तुला आठवतं ती काय म्हणाली? "असू दे गं. शालूबाई भायेरनं येत्यात."

तिनं मला तुझ्यापासून झाकलं. जाईपर्यंत झाकलं. सहा दिवस मी खाटेशेजारी बसून होतो आणि तिनं मला दिवस विचारला नाही. खिडकीची खोली घेतली असती तर तिला कुणालाच विचारावं लागलं नसतं.

तेजस्वीकडं परत येतो. मी रद्द कर म्हणालो, तर तिनं फाईल उघडून माझ्यासमोर सरकवली. मग म्हणाली, "सर, काकू परत आल्या होत्या. तुम्ही येऊन गेला त्याच्या दोन दिवसांनी. भाजीची पिशवी घेऊन." आईनं तिला विचारलं होतं, जहाज जाताना सूर्य कुठल्या अंगाला मावळतो? पोरीनं फोन करून मुंबईला विचारलं आणि सांगितलं, दक्षिणेला जाताना उजव्या हाताला. "मग उजवीकडची बाल्कनी लिही. ह्यांना एवढ्यात सांगू नको. जहाजावर गेल्यावर दाखवीन. तिथं भाषण ऐकायला कोण नसतंय." फाईलवर तेजस्वीच्या अक्षरात अजून आहे: बाल्कनी, उजवी बाजू, काकूंनी सांगितलं.

त्या ऑफिसात मी रडलो. उभा राहून नाही, बसून.

सफर रद्द केलेली नाही. केबिन तिनं निवडली तीच राहील. एक नाव माझं दिलं आहे. दुसऱ्या नावाची ओळ कोरी आहे. तू क्षमा कर असं मी म्हणत नाही. तो माझा विषय आता राहिला नाही. एवढंच सांगतो, की डिसेंबरपासून मीही दिवस मावळल्यावर खात नाही. पुण्य मिळावं म्हणून नाही. तिला जे दिसायला हवं होतं ते रोज गच्चीवर जाऊन बघतो. त्या बाल्कनीत आपण दोघं बसू. तू बोलू नकोस, मीही बोलणार नाही. संध्याकाळी ताट समोर आलं की मी तुला विचारीन, दिवस हाय का? तू समुद्राकडं बघ आणि जे असेल ते खरं सांग. तुझा शब्द मी मानीन.

तेजस्वीचा नंबर पाकिटाच्या मागं लिहिला आहे. तिला फोन कर आणि कोऱ्या ओळीत तुझं नाव लिहायला सांग. शुक्रवारी, दिवस आहे तोवर.

ज्याला तुझ्या आईनं पुन्हा दिवस विचारला नाही, तो
तुझा आण्णा