मागच्या दाराला कडी नाही

पिंपरी, कॉलनी,
ता. ९ मार्च १९५८

श्रीयुत मालोजीराव यांसी,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (कराडहून येताना एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसल्यापासून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकवलं तेवढं गोड मानून घ्यावं.) आपला दमा कसा आहे? शालनअक्कांचे गुडघे? सोलापूरच्या हवेत दोघांनाही आराम नाही, इथे मोकळं माळरान आहे, वारा भरपूर आहे. तब्येत सुधारेल अशी माझी खात्री आहे, आणि नाहीच सुधारली तर निदान वाऱ्याला नावं ठेवता येतील. इकडे आम्ही दोघं, भिंगरी मांजर आणि तिची पिल्लं खुशाल आहोत.

आपलं पत्र पोचलं. आमच्या कंपनीत आपण रुजू होणार आणि आमचीच जुनी क्वार्टर आपल्याला मिळणार, हे वाचून सुमनला इतका आनंद झाला की आमटीला दोनदा मीठ पडलं. आम्ही पलीकडच्या ओळीत एक खोली जास्त असलेल्या क्वार्टरमध्ये आलो आहोत. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, कुलूप कोणतं आणावं. दुसरी, 'मागच्या दारानं गोजाबाई म्हणून कोणी बाई न विचारता येते असं ऐकतो, तिचं येणं बंद करता येईल ना?' ही दुसरी ओळ वाचून माझ्या हातातला चहा निवाला. करता येईल, मालोजीराव. दार तुमचं, कडी तुमची. तुम्ही एकदा दार लावून घेतलंत की त्या म्हातारीचं येणं कायमचं संपलं, आणि तिच्या वतीनं भांडायला माझ्या हातात आता काही हक्क उरलेला नाही. म्हणून एवढंच मागतो की हे पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते ठरवा.

गोजाबाई म्हणजे आमची दूधवाली. पिंपरी गावठाणातली. नवरा गेला, लेक मोशीला दिली, घरात ती आणि तिची म्हैस. तोंडात मिसरी, कमरेला खुरपं, आणि बोलणं असं की आमच्या मोठ्या साहेबांनासुद्धा 'आरं बाबा' म्हणते. ते 'अगं मावशी' म्हणून दूध घेतात.

माघात आपल्या मेहुण्याचं लग्न निघालं आणि नेमकी त्याच सुमारास भिंगरी व्याली. पिल्लांचे डोळे उघडायचे होते. सुमननं स्वच्छ सांगितलं, भिंगरीची सोय झाल्याशिवाय मी सख्ख्या भावाच्या लग्नाला येणार नाही. (आपण तिचे मोठे मेहुणे, ती किती ऐकते हे आपल्याला ठाऊक आहे.) शेजारचे आबाजी मांजर दिसलं की खुर्चीवर चढतात. मग ठरलं की गोजाबाई दूध घालायला येतेच, तिनं कुलूप काढावं, भिंगरीला वाटीभर दूध घालावं, पुन्हा कुलूप लावावं. इतकी साधी गोष्ट. पण मी पडलो स्टोअरकीपर. कारखान्यात खिळा बाहेर जायचा तरी माझी सही लागते, तिथं अख्खं घर मी असंच कसं सोडीन? मी रीतसर व्यवस्था लावली. दुसरी किल्ली गेटवरच्या कोंडाजीकडे राहील, गोजाबाई अंगठा उठवून ती नेईल, काम झालं की परत करील. खिडक्या बंद, मागचं दार आतून कडी घालून बंद, येणंजाणं फक्त पुढून. हे सगळं मी त्या माऊलीला समोर बसवून समजावलं. ती 'व्हय, व्हय' करत होती. माझं संपलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं:

"माज्याच वावरात शिराया मला किल्ली कशापायी?"

तेव्हा आम्हाला कळलं. आमच्या जुन्या क्वार्टरची ती सबंध ओळ तिच्या वावरावर उभी आहे. कारखान्याला जमिनी गेल्या त्यात तिचंही वावर गेलं. तिथल्या स्वयंपाकघराच्या जागी ज्वारीचं खळं होतं म्हणे. चार वर्षं ती रोज आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन दूध घालून परत जात होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. मला खरोखर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून व्यवस्था बदलेल तो स्टोअरकीपर कसला? किल्ली कोंडाजीकडे दिली आणि आम्ही लग्नाला कराडला आलो.

पुढचं आपल्यासमोरच घडलं. आहेर काढायला सुमननं ट्रंकेची किल्ली मागितली, मी खिशातून दोन किल्ल्या काढल्या, आणि दोन्ही घराच्या निघाल्या. ट्रंकेची किल्ली मी कोंडाजीला देऊन आलो होतो. आपण बत्त्यानं ट्रंक फोडलीत आणि अख्खा मांडव हसला. सुमन मात्र पांढरीफटक पडली, कारण तिकडे भिंगरी आणि पिल्लं कुलपात, आणि पिंपरीत कोणाकडेही किल्ली नाही. न जेवताच आम्ही निघालो त्याचा आपल्याला राग आला होता. आता कारण कळलं असेल.  वाटेत साताऱ्याला मी सुमनला पेरू घेऊन दिला, तो तिनं शेजारच्या बाईला दिला. मी मनात नको नको ते बघत होतो आणि जन्मात पहिल्यांदा कुलूप या वस्तूला शिव्या देत होतो.

दुपारी कॉलनीत पोचलो. कोंडाजी सलाम करून म्हणाला, सगळं व्यवस्थेप्रमाणे चालू आहे. गोजाबाईनं पहिल्या दिवशी अंगठा दिला, किल्ली नेली, किल्ली परत केली. ती दाराला लागत नाही असं ती म्हणाली होती, पण ते त्याच्या अखत्यारीत येत नव्हतं. (बिचारा माझ्याच तालमीत तयार झालेला आहे.) धावत घर गाठलं. पुढचं कुलूप जसंच्या तसं, ऐटीत लटकलेलं. सुमन तिथंच रडायला लागली. तेवढ्यात घरामागून म्हैस ओरडली.

मागं जाऊन बघतो तर आमच्या घराला मागचं दारच नाही. दार भिंतीला टेकून उभं. गोजाबाईनं खुरप्याच्या टोकानं बाहेरच्या बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक फिरवून काढले होते आणि आमच्याच वाटीत घालून फळीवर ठेवले होते. मी मोजले, मालोजीराव, सवय जात नाही. एकही कमी नव्हता. तीन धोंड्यांची चूल मांडलेली, परसात म्हैस बांधलेली, कारण मांजराला धारोष्ण दूध घालायचं तर म्हैस जवळ हवी. आणि दार काढलेलं घर उघडं टाकून जायचं कसं, म्हणून ही बाई त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्यात आडवी पडत होती, त्या थंडीत, एका घोंगडीवर. भिंगरी तिच्या मांडीवर, पिल्लं पदरात. घरातली एक वस्तू हललेली नव्हती. परसात मात्र सगळीकडे खुरपून वाफे केले होते आणि त्यातून मेथीचे कोंब वर आले होते. जमीन पडीक बघवली नाही, म्हणाली.

मी तिच्या पाया पडलो. खोटं नाही सांगत. सुमन तर गळ्यातच पडली, आणि म्हैस आम्हा दोघांकडे संशयानं बघत राहिली. स्टोअरमध्ये आयुष्य गेलं, पण एवढा भरवसा ठेवायला लायक माणूस मी पाहिलेला नाही. दार मी पुन्हा बसवलं, पण ते लावायला आमचा दोघांचाही हात झाला नाही. तेव्हापासून ती रोज सकाळी मागून येते, वाफ्यांत बसते, भिंगरीशी बोलते, आणि उन्हं चढली की जाते. परवा आम्ही घर बदललं तेव्हा भिंगरीला पिल्लांसकट टोपलीत घालून नव्या घरी आणलं. संध्याकाळपर्यंत तिनं एकेक पिल्लू तोंडात धरून जुन्या घरी परत नेलं. पुन्हा आणलं, पुन्हा नेलं. तेव्हा मांजर क्वार्टरबरोबर आपल्याकडेच येणार, हे धरून चाला. अक्कांना मांजराचं वावडं नाही ना?

कळावे, लोभ आहेच, तो कुलपात ठेवू नये.

आपला,
यशवंत

ता. क. वर 'दार तुमचं, कडी तुमची' असं लिहिलं ते आपला मान राखायचा म्हणून. खरं म्हणजे मागच्या दाराची कडी मी काढून नव्या घरी आणली आहे आणि जुन्या दाराच्या भोकांत लांबी भरून वरून रंग दिला आहे. कृपा करून नवी कडी बसवू नका, मालोजीराव. सकाळी ती परसात बसली तर अक्कांनी तिला का आलीस म्हणून विचारू नये. आयुष्यात आपल्याकडे मागितलेली ही माझी एकच गोष्ट आहे. एवढी ऐका.

आणखी ता. क. पाकीट बंद करायच्या आधी सुमननं हे सगळं पत्र गोजाबाईंना वाचून दाखवलं. मी केलेल्या स्तुतीवर त्यांनी फक्त मिसरी थुंकली. मग म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो:

"त्या पाव्हन्यांना लिवा, मांजराला दूध कुनीबी घालंल. मी मांजरासाठी येत न्हाई. मी माज्या वावरात येते. त्यांस्नी कुलूप घालायचं आसंल तर खुशाल घाला म्हनावं. फकस्त मला आत ठिवून घाला."