आइस्क्रीमच्या पेटीतली आमटी

कोल्हापूर,
डिसेंबर २००९

प्रिय साक्षी,

घरात आत्ता कुणी नाही. बाबा मटण आणायला गेलेत आणि ओट्यावर भिजवलेला मसूर फुगून वर आलाय. अशा वेळी मन कुठंही जातं. माझं तर कालपासून चंदगडलाच जाऊन बसलंय.

तू दुसरीत होतीस तेव्हा माझी तिकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली. बाबांची शिरोलीला फाउंड्रीत शिफ्ट, तुझी शाळा इथं. बिऱ्हाड हलवणं काही जमणारं नव्हतं. मग बाबांनी बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून ती मोठी गोठवायची पेटी आणली. झाकणावर गुलाबी कोन रंगवलेला. शनिवारी रात्री मी घरी यायचे आणि रविवारी सकाळपासून आठवड्याचं रांधत चुलीशी असायचे. अख्खा मसूर, पावट्याची उसळ, तांबडा रस्सा, अर्धवट भाजलेल्या चपात्या. सगळं निववायचं, डब्यांत भरायचं, पेटीत गोठवायचं. लाईट गेली की बाबा पेटीवर वाकळ पांघरायचे, तान्ह्या लेकरावर घालावी तशी. शेजारच्या शालूबाई कुंपणावरून ओरडायच्या, "पोरीला बरफ खायला घालतीस व्हय गं?" मी हसून सोडून द्यायचे आणि सोमवारी एसटीत बसल्यावर रडायचे.

चंदगडला संध्याकाळी धुकं खिडकीतून थेट खोलीत यायचं. खाटेवर बसलं की मला आपलं स्वयंपाकघर दिसायचं. आज बुधवार, म्हणजे पावटा. आता बाबांनी डबा गरम पाण्यात ठेवला असेल. आता तू कडेचा बर्फ बोटानं खरवडत असशील. कधी कधी तर फोडणीचा वाससुद्धा यायचा, खोटं नाही सांगत. पुढं केव्हातरी बाबांनी मला सांगितलं, की शाळेतून आलीस की तू पेटीचं झाकण उघडायचीस आणि त्या गार वाफेत तोंड घालून दिवसभराचं सगळं मला सांगायचीस. "आई, आज माझी कविता पाठ झाली." मग झाकण हळूच लावायचीस, आवाज न करता. तू धुक्यात बोलत होतीस आणि मी धुक्यात बसून ऐकत होते, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

मग तो पाऊस आला. रस्ते पाण्याखाली गेले, एसटी बंद झाली आणि मी तिकडंच अडकले. इकडं पेटी रिकामी होत गेली. शेवटचा एक डबा राहिला, तो तू बाबांना उघडू दिला नाहीस. "आई आली की खाऊ." बाबांनी तुला खिचडी घातली, पार करपलेली, असं तूच सांगत होतीस. त्याच दिवसांत चंदगडजवळच्या वाडीवरची चिमणाबाई बाळंत झाली. डॉक्टर पोचणं शक्य नव्हतं, मी एकटीच होते. मूल आडवं होतं. कसं फिरलं, कसं सुटलं, माझं मलाच ठाऊक. पण रडलं एकदाचं.

मी घरी आले, आपण तो डबा उघडला. मी चिमणाबाईचं सांगत होते आणि तू घास हातात धरून विचारलंस, "तिला कुणी खायला दिलं?" तिच्या घरात तेव्हा धड काही शिजतच नव्हतं.

पुढच्या रविवारी तू एक जादा डबा माझ्यापुढं ठेवलास. मी तो कापडात गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला. चंदगड येईपर्यंत बर्फ आपोआप सुटला होता. वाडीवर गेले तर तिची सासू डब्याला हात लावेना. का, ते मला विचारावं लागलं नाही, माझं आडनाव वाडीला ठाऊक होतं. तेवढ्यात चिमणाबाई आतून म्हणाली, "द्या हिकडं बाई, मला भूक लागलीया." चुलीवर गरम करून तिनं सगळी आमटी भाताबरोबर संपवली. पुढच्या खेपेला दारात सासूच उभी होती. म्हणाली, "आज काय आणलंसा?" त्यानंतर कुठल्या ना कुठल्या बाळंतिणीसाठी दर सोमवारी एक डबा जातच राहिला.

हे सगळं आज लिहायचं कारण तुझा कालचा फोन. वनखात्यातली नेमणूक आली, गडचिरोलीची, आणि तू म्हणालीस, "आई, मी न्हाय जात. सार्थक लहान हाय." पुण्यात एवढी वर्षं काढून रडताना तुझ्या तोंडी कोल्हापूरच आलं. मी फोन ठेवला आणि मसूर भिजत घातला. साक्षी, सार्थक रडेल. तूही रडशील, बसमध्ये, लोकांच्या देखत. तरी तू जा. त्या वेळी बाबा सोडून सगळे मला थांब म्हणत होते. मी थांबले नाही, आणि तू काही बिनआईची वाढली नाहीस. जावयाला, उन्मेषला, आमचा जय भीम सांग आणि धीर दे. बाबा आता रिटायर आहेत, मीही आहे. शनिवारी आम्ही दोघं पुण्याला येतोय, सार्थकजवळ राहायलाच. तू फक्त हो म्हण.

तुझीच,
आई