हं कोण म्हणणार?

३ फेब्रुवारी, मंगळवार
डोकं फिरलंय. विभागप्रमुख सरांनी (पुढं नुसतं वि.प्र.) आज स्टाफरूममध्ये पेपरातली मुलाखत मोठ्यानं वाचून दाखवली. मोठे कादंबरीकार, मागच्या आठवड्यात परभणीत बोलून गेले ते. पूर्ण नाव लिहायचा कंटाळा, का. म्हणते. तर का. म्हणतात, साहित्याला प्रयोजन नसतं. "वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिणं ही दुकानदारी आहे. मला वाचक भेटलाच तर तो अपघात." वि.प्र. वाचता वाचता मान डोलावत होते, बाकीचे वा वा.

अपघात म्हणे! यांच्या सगळ्या कादंबऱ्या मी मागून आणून, गंगाखेडच्या एसटीत उभ्यानं वाचल्यात. मी काय यांच्या गाडीपुढं आलेली शेळी आहे का?

५ फेब्रुवारी
भाषा दिनाला का. आमच्याच कॉलेजात येणार. वि.प्र. म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटं तुम्ही बोला. विषय, साहित्याचं प्रयोजन. सरांच्या भूमिकेला पूरक असं." पूरक म्हणजे आरती, घंटी वाजवून.
म्हणलं, सर, मला त्यांचं पटत नाही.
चष्म्यावरून बघितलं. "जूनमध्ये तासिकांच्या ऑर्डरी निघतात, माहितीय ना?"
माहितीय की. दर जूनला देव पाण्यात घालून बसते मी. तासिकेवरच्या मास्तरणीला दरसाल नव्यानं नांदायला जावं लागतं. तरी बोलणार. आणि काय पटत नाही, तेच बोलणार. कसं, ते अजून...

८ फेब्रुवारी, रविवार
चुडाव्याला वडलांकडं जाऊन आले. आबांची मेंढरं सध्या एका शेतात बसलीत. मालकाला खत, आबांना ज्वारी, नेहमीचंच. आबा कोकरांना पाजायला लागले होते. माझं तोंड बघून म्हणाले, "काय गं माय, जावयानं काय मनलं का?"
जावई बिचारा कशाला काय म्हणतोय. सगळं सांगितलं. आबांना का.चं काही कळलं नाही, किंवा कळूनही विशेष वाटलं नाही. म्हणाले, "ऐकायला कोनी नसंल तर सांगतंय कोनाला मग त्यो? बांधाला?"

आमच्यात गोष्ट म्हणजे राखणीचं काम. रात्री मेंढरांवर लांडगा यायचा, म्हणून दोघांनी जागायचं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं हं म्हणायचं. हं थांबला की गोष्ट तिथंच थांबली. हं न म्हणता ऐकणं म्हणजे सांगणाऱ्याची बेइज्जती. आबा तसेच वाढले, त्यांच्या बापाच्या गोष्टी ऐकत. एवढं घरात असून मी पुस्तकांत मुद्दे शोधत बसले होते!

निघताना आबा म्हणाले, "मी येतो तुजं ऐकायला." म्हणलं, आबा, ते भाषण असतंय, कंटाळताल. "आसंना का. धुतलेलं धोतर हाय माज्याकडं." झालं. आता ब्रह्मदेव आला तरी आबा थांबत नाहीत.

१५ फेब्रुवारी
लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. पहिल्या पानावर "साहित्यव्यवहार" पाच वेळा आलाय. कोण बोलतंय हे, मी का माझा एम.ए.चा गाइड?
आणि खरं सांगायचं तर का.चं निम्मं मला पटतं. लोकांना काय आवडेल म्हणत लिहिलं की लाचारी शिरते. वि.प्र.च्या सत्काराच्या कविता बघा. ज्याचा सत्कार तो वटवृक्ष. पण म्हणून ऐकणाराच नको? उंदीर झाले म्हणून कुणी कणगी पेटवून देत नाही.

२६ फेब्रुवारी
वि.प्र.नी माझं भाषण बघायला मागितलं. नाही दिलं. दुपारी त्यांनीच एक लिहून व्हॉट्सॅपवर पाठवलं, "हे वाचलं तरी चालेल." सुरुवात, "साहित्यसूर्याच्या सान्निध्यात". मी अंगठा पाठवला.
पण बोलणार. ठरलं म्हणजे ठरलं.

२७ फेब्रुवारी
झालं एकदाचं भाषण.
आबा पहिल्या रांगेत, लाल पटका बांधून, काठी मांडीवर आडवी. वि.प्र.नी विचारलं, हे कोण? म्हणलं, माझे वडील. मग काय बोलतील.
मी उभी राहिले. पहिलं वाक्य वाचलं.
"हं," आबा. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.
पोरं फिदीफिदी हसली. दुसरं वाक्य. "हं. मंग?"
मेले मी! मला वाटलं जमीन फाटावी. आबांचं चुकलंच नव्हतं. लेक सांगायलीय म्हणल्यावर बाप हं म्हणणारच. वि.प्र.नी शिपायाला खुणावलं. तो वाकून आबांच्या कानात काहीतरी बोलला. आबांनी माझ्याकडं बघितलं, पटक्याचा शेव तोंडावर धरला आणि गप्प झाले. चोरी पकडल्यासारखे.

ते बघून माझी लाजच गेली. राग आला, असला राग! कागद खाली ठेवला आणि माइकवरच म्हणलं, "आबा, हं म्हणा. न्हाईतर मला पुढं जाता येत न्हाई."
मग आबा, दबकत, "हं."
मग सुटलेच. का.कडं बघून बोलले. सर, आमच्याकडं ऐकणारा अपघातानं भेटत नाही, तो असला तरच गोष्ट सुरू होते. गोष्ट कशासाठी तर जागं राहायला. तुम्ही एकट्यानं लिहिलं असंल, मान्य. पण तुमच्या प्रत्येक पुस्तकाला मी हं म्हणलेय, एसटीत लोंबकळत. तुम्हाला ऐकू आलं नसंल, तो माझा अपघात नाही.
मागची पोरं टवाळीनं हं हं करायला लागली. करू देत.

नंतर का. अध्यक्षीय बोलले. चिडले नाहीत. हसून म्हणाले, "बाईंचा मुद्दा गोड आहे. पण एक विसरतात त्या. माणूस झोपेतसुद्धा हं म्हणतो."
टाळ्या. कडकडाट. वि.प्र.नी चहाच्या वेळी माझ्याकडं पाठ केली होती. झोंबलंय फार. पाठ नव्हे, ते झोपेचं.

२८ फेब्रुवारी
आबांना स्टेशनवर सोडलं. गाडी लेट. विचारलं, आबा, राखणीला झोपेत हं म्हणायचा का तुमी?
"लय येळा! पर तुजा आजा बेरकी. मधीच मनायचा, मंग राजानं मेंढीचं अंडं फोडलं. मी मनलो हं, की पाठीत काठी."
दोघंही हसलो, बाकावरची माणसं बघायला लागली. मग मी म्हणलं, म्हणजे ऐकणारा जागा हाय का झोपलाय, हे बघायचा जिम्मा सांगणाऱ्याचा?
"मला काय ठाव माय. मार लय बसायचा येवढं याद हाय." आणि गाडी आली.

२ मार्च, सोमवार
बी.ए. दुसऱ्या वर्षाचा तास. काव्याची प्रयोजनं, परीक्षेला हमखास. यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण... मी सांगायलेय, पोरं लिहायलीत. सहा झाली. आणि त्याच आवाजात म्हणलं, "सातवं प्रयोजन. कविता वाचल्यानं म्हशीच्या दुधाची फॅट वाढते."
सगळ्यांनी लिहून घेतलं.
सगळ्यांनी! एकानं तर विचारलं, "मॅडम, हे पाच मार्काला येईल का?"
आधी हसू आलं. मग डोळे भरून आले, फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. का. जिंकले की माझ्या वर्गात. आणि झोपवलं कुणी? भर हॉलात तोऱ्यात बोलणारी मीच रोज लोरी गाते इथं.
वळले आणि म्हणलं, पेनं खाली. वह्या बंद.

६ मार्च
चार दिवस नोट्स नाहीत. कविता वाचते, मधेच काहीतरी वाकडं सांगते. मंगळवारी-बुधवारी होळी, वर्ग अर्धा. काल एकीनं अडवलं, "मॅडम, असं कसं असंल?" लालबुंद झाली विचारताना. मला तिला मिठी मारावीशी वाटली. दोघा-तिघांनी वि.प्र.कडं तक्रार केलीय, नोट्स मिळेनात म्हणून. त्यांचंही खरंय, त्यांना पास व्हायचंय.
आज वि.प्र.नी बोलावलं. "मॅडम, पोर्शन कधी संपवणार?"
म्हणलं, "पोरं जागी झाली की."
चष्म्यावरून बघितलं. जूनला अजून वेळ आहे.