साठ आकडे

३ मार्च, सकाळी ७
निवृत्तीनंतर परदेशात समाजसेवा! तीन महिने. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरोघरी जेवणाचे डबे द्यायचे, दोन शब्द बोलायचे, कागदावर 'भेट झाली' पुढे टिक करायची. तीस वर्षं हेडक्लार्क होतो. टिक करणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. संकल्प: महिन्याभरात संस्थेला शिस्त लावणे.

संध्याकाळी ५
पहिल्याच घरी घोटाळा. दार नुसतं लोटलेलं, म्हणून आपल्याकडच्यासारखं "आहात का?" करत थेट स्वयंपाकघरात गेलो. आजोबा टॉवेलवर. उलथनं उगारलं हो! लोकांना आपुलकीची सवय नाही, त्याला मी काय करणार?

४ मार्च
संस्थेच्या बाईंनी (माझ्या मुलीच्या वयाच्या) फैलावर घेतलं. इथली रीत: दार एकदाच वाजवायचं, दोन पावलं मागे सरायचं, थांबायचं. पुन्हा वाजवणं म्हणजे उद्धटपणा. किती वेळ थांबायचं, विचारलं. म्हणाल्या, उघडेपर्यंत. हा काय नियम झाला?

९ मार्च
रीत आत्मसात! वाजवतो, मागे सरतो, मनात साठ आकडे मोजतो, डबा पायरीवर, टिक, पुढचं घर. बावीस घरं दीड तासात. बाकीच्यांना चार तास लागतात. गप्पा छाटत बसतात लेकाचे.

१० मार्च
हिला फोनवर सांगितलं. म्हणाली, साठ मोजून होईपर्यंत तुम्ही तरी खुर्चीतून उठता का? तिला सिस्टिम कळत नाही.

१५ मार्च
आठव्या घरच्या आजींचं दार अजून एकदाही उघडलेलं नाही. आत ठकठक चालू असते. दुरुस्तीचं काम असावं. टिक केली. थंडी फार, आज चाळीसच मोजले.

२१ मार्च
बाईंनी बोलावलं. सत्कार असणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला.
सत्कार नव्हता. आठव्या घरच्या आजी वॉकर टेकत चालतात. खाटेपासून दारापर्यंत चार मिनिटं. दोन आठवडे रोज दारापर्यंत आल्या, डबा उचलला, रिकाम्या रस्त्याकडे बघून परत गेल्या. त्यांच्याकडे जाणारं माणूस म्हणजे मी एकटाच. बाई ओरडल्या नाहीत. माझा टिक केलेला कागद फक्त समोर ठेवला. ओरडल्या असत्या तर भांडलो तरी असतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण गेलं नाही.

२२ मार्च
ठरवलं: दहा मिनिटं लागोत, वीस लागोत, हलायचं नाही. माफी मागायची. वाक्य पाठ करून गेलो.
वाजवलं आणि दार लगेच उघडलं. आजींनी दाराला लागून खुर्ची ठेवली होती. अंगात कोट, केस विंचरलेले. सकाळी सातपासून तिथे बसल्या होत्या. मी जातो पावणेबाराला. म्हणाल्या, मी फार हळू चालते, तुम्हाला रोज तसंच परत जावं लागलं, माफ करा.
पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. आणि मी, निर्लज्ज माणूस, म्हणालो, हरकत नाही.