तुमचं झालंय, सर

मंगळवार, फेब्रुवारी १९९७. सिडको, नाशिक.

त्या कार्यकर्त्याचं हसणं संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. कॉलनीत अण्णांची प्रचारसभा होती. भाषणानंतर बेल-भंडाऱ्याचं ताट फिरलं. मत अण्णांनाच, अशी प्रत्येकानं भंडारा उचलून शपथ घ्यायची. त्याआधी अण्णा माइकवरून म्हणाले, "ज्याला देव नाही, त्याच्या शब्दाचा काय भरवसा? असला माणूस आपला नाही." मी देव मानत नाही, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. रोख माझ्यावरच होता? की मलाच तसं वाटलं?

शेजारच्या पवारांनी भंडारा उचलला. परवा विरोधकांच्या सभेतही उचलला होता! विचारलं तर म्हणतात, "सर, देव घेतो समजून. लोक नाय घेत." म्हणजे भरवशाचे हे, आणि परका मी.

ताट माझ्यापर्यंत आलं. मी हात खिशात घातले, नाही म्हणायची तयारी केली. पण ताटवाला कार्यकर्ता नुसता हसला. "राहू द्या सर, तुमचं झालंय." काय झालंय? यादीतून नाव कापलं? का हसला तो?

आत्ता हिनं चहा आणून ठेवला. बशीच्या कडेला पिवळं बोट उमटलेलं. मी बघतच राहिलो.

"दुपारी अण्णांची माणसं घरी आली होती," ही म्हणाली. "मीच दोघांचा भंडारा उचलला. या कॉलनीत राहायचंय ना आपल्याला?"

माझं मत अण्णांनाच जाणार होतं. गटारीचं काम त्यांनीच करून दिलं. पण मला कुणी साधं विचारलंही नाही. हिनंसुद्धा.