गिरणी चालू ठेवण्याबाबत

मी, सौ. शांतव्वा शिवलिंग बुगडे, वय एकोणसत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे नुसते म्हणण्यापुरते नाही, डॉ. सुष्मिता हिरेमठ यांनी मला कालच तपासले असून त्यांचा दाखला सोबत टाचला आहे. आमच्या घरात डोक्याचा विषय निघालेला आहे. माझ्या मागे माझा मुलगा तो माझ्यावर ढकलील अशी मला शंका आहे, म्हणून दाखला आधीच घेतला. शंका घेणे हा माझा स्वभाव आहे. तो या कागदात जागोजागी दिसेल, त्याला इलाज नाही.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझी सून सौ. दानेश्वरी हिला मी "झाकणे नसलेले सर्व डबे" एवढेच ठेवले होते. ते का ठेवले आणि आता का बदलते, हे लिहिल्याशिवाय पुढच्या कलमांचा अर्थ लागणार नाही.

कलम १. राहते घर व त्याच्या तळाची गिरणी ही मला माझ्या वडिलांकडून एकटीला मिळालेली आहे. माझे पती शिवलिंग हे एस.टी.त कंडक्टर होते, गगनबावडा गाडीवर. त्यांची नोकरी फिरतीची, म्हणून गिरणी मीच सांभाळली. गिरणीवालीवर सगळ्या पेठेचा संशय असतो. बायका जोंधळ्यात बोटाने रेघ ओढून डबा ठेवायच्या आणि पीठ नेताना डबा हातावर तोलून माझ्याकडे बघायच्या. मी कुणाचे चिमूटभर पीठ ठेवून घेतले नाही. पण जन्मभर असे बघून घेतले की माणूस बघायला शिकते. मीही शिकले. सुनेकडे, शेजाऱ्याकडे, कामाच्या माणसाकडे, देवळातल्या पुजाऱ्याकडेसुद्धा.

कलम २. पती निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी घरात बारीकसारीक गोष्टींचा छळ सुरू झाला. डबे आहेत, झाकणे आहेत, पण कुठलेच झाकण कुठल्या डब्याला बसेना. दूध लागते तेवढेच सांगितलेले, तरी पिशव्या दुप्पट येऊन नासायच्या. फोनचा रिसीव्हर बाजूला पडलेला सापडायचा. मुलगा महांतेश पुण्याहून फोन लावून लावून थकायचा आणि रविवारी आला की मलाच बोलायचा. मठात जायला निघाले तर आमच्या पायरीवरच्या चपला जोडीच्या नसायच्या, एक कातडी, एक रबरी. गॅस शेगडीवर काही नसताना बारीक चालू. जिन्याच्या दिव्याचे बटण म्हणून कुणीतरी टीव्हीचे बटण दाबलेले.

एवढ्या तेवढ्या गोष्टी. त्यासाठी पोलिसात कोण जाते? पण रोज एक खडा जेवणात यावा तसे झाले. झाकणे आणि दूध मी दानेश्वरीच्या नावावर मांडले. ती निपाणीकडची, नवरा पुण्याला नोकरीला म्हणून आमच्याकडेच राहणारी, शांत, विचारले की "गोत्तिल्ल अत्ती" म्हणून कानडीत मोकळी होते, म्हणजे ठाऊक नाही, सासूबाई. जिला काहीच ठाऊक नसते तिला बरेच ठाऊक असते, असे मी धरून चालले. चपलांसाठी मी गिरणीतल्या ज्ञानूला धरले. त्याला मी एकदा गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "पाय बघू तुझं." त्याने दाखवले. त्याचे पाय बघून कुठलीच चप्पल बसणार नाही हे कळत होते, तरी मी शब्द मागे घेतला नाही.

कलम ३. गेल्या वर्षापासून दुपारी वीज जाऊ लागली. वीज गेली की गिरणी बंद, म्हणून मी आतल्या खोलीत जरा आडवी होत असे. नेमकी त्याच वेळी दाराची कडी वाजे. उठून जावे तर दारात कोणी नाही. थोड्या वेळाने समोरचे गणपतराव सासने माझ्या पतींना हाताला धरून घेऊन येत आणि म्हणत, "वैनी, दादांनी आमच्यात चहा घेतला."

गणपतरावांशी आमचे जुने वाकडे होते. गिरणीचे पीठ उडून त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, म्हणून त्यांनी एकदा महापालिकेत अर्ज केला होता. तेव्हा कडी तेच वाजवतात आणि माझी झोप मोडून अर्जाचा राग काढतात, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. वर माझ्या नवऱ्याला चहा पाजून फितवतात, हेही मी त्यात जोडले.

म्हणून एके दुपारी वीज जाताच मी चाळणी घेतली आणि उंबऱ्यापासून गल्लीच्या मध्यापर्यंत जोंधळ्याचे पीठ भुरभुरवले. पती जेवून नेहमीसारखे पान खायला कोपऱ्यावर गेले होते. मी दाराआड बसले. कडी वाजली. उठून आडणा काढेपर्यंत माणूस गेलेला, पण पावले राहिली होती. गल्लीतून सरळ आमच्या दाराशी आलेली, दारात दोन्ही शेजारी शेजारी, बराच वेळ उभी असल्यासारखी दाबलेली. मग वळलेली. समोरच्या दाराकडे गेलेली, पुन्हा अर्ध्यातून मागे, पुन्हा पुढे. चोराची पावले अशी नसतात. एक ठसा कातडी चपलेचा होता, दुसरा रबरी.

मी पावलावरून पाऊल टाकत गेले. गणपतरावांच्या पायरीवर माझे पती उभे होते. गणपतरावांनी त्यांचा हात धरला होता.

"वैनी, तुम्ही आत जावा," गणपतराव म्हणाले, "दादा जरा चहाला आलंत."

"पायातलं बघा त्यांच्या," मी म्हणाले.

 माझ्या पतींनी माझ्याकडे बघितले. अदबीने, एस.टी.त अनोळखी बाईशी बोलावे तसे ते म्हणाले, "पावणं, बुगड्याचं घर कुठलं वो? हितं एक गिरणी हुती की."

 माझे तोंड पेठेत कुणापुढे बंद झालेले नव्हते, ते त्या दिवशी झाले. तेवढ्यात वीज आली. ज्ञानूने खटका ओढला, पट्टा फिरला आणि गिरणीचा आवाज गल्लीत आला. माझ्या पतींचा चेहरा लगेच मोकळा झाला. "ही काय हाय की," म्हणाले, आणि गणपतरावांचा हात सोडून सरळ घरात गेले. आत जाऊन मला हाक मारली, "शांता, पाणी दे."

कलम ४. त्याच दिवशी मी दानेश्वरीला स्वयंपाकघरात उभी केली.

"तुला ठाऊक हुतं?"

ती कधी नव्हे ते मराठीत बोलली. "व्हय."

"कधीपास्नं?"

"लई दिवस झालं, अत्ती. झाकणं ते बदलत्यात. दूधवाल्याला ते सांगत्यात, मग परत सांगत्यात. गॅस मी बंद करत फिरते."

"आणि मी तुला शिव्या देत हुते तवा तोंड शिवलंतंस?"

"मामंजींनी शपथ घातलीती. अत्तीला कळू द्यायचं न्हाई म्हणून."

गणपतरावांना ठाऊक, पानवाल्याला ठाऊक, ज्ञानूला ठाऊक. चपला कोण बदलते हे माहीत असून त्याने मला पाय दाखवले होते. सगळ्या गल्लीने मिळून एक गोष्ट माझ्यापासून लपवली आणि जिला सगळ्यांचे सगळे दिसते त्या मला ती दिसली नाही. मला फार राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही आणि या कागदात तो नोंदवून ठेवते.

संध्याकाळी पती ताळ्यावर होते. ते असतात, बराच वेळ असतात. मी विचारले, "सगळ्यास्नी सांगितलंसा, मला का न्हाई?"

 ते म्हणाले, "तू समद्यांवर संशय घेतीस. एवढ्या वर्षात माझ्या एकट्यावर घेतला न्हाईस. बस लेट झाली म्हटलं तर लेट झाली. तेवढं तरी ऱ्हाऊ दे म्हटलं."

यावर मी काय बोलले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही.

कलम ५. आता वाटणी. घर व गिरणी, जागेसकट, मी सून सौ. दानेश्वरी महांतेश बुगडे हिच्या एकटीच्या नावे करते. मुलाच्या नाही. महांतेश वाईट नाही, पण घाईचा आहे. पाकिटातला आटा आल्यापासून गिरणीला दिवस उरले नाहीत, जागा बिल्डरला द्यावी आणि सगळ्यांनी पुण्याला फ्लॅटमध्ये राहावे, असे तो दर रविवारी म्हणतो. वडिलांना डॉक्टर तिथे चांगले मिळतील, असेही म्हणतो. असतील. पण तिथे सगळे जिने सारखे आणि सगळी दारे सारखी. त्याचे वडील कानांनी घरी येतात, हे त्याला मी तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा त्याने घड्याळ बघितले.

म्हणून अट अशी की माझे पती हयात असेपर्यंत गिरणी बंद करू नये, विकू नये, भाड्याने देऊ नये. दळायला काही आले नाही तरी पट्टा फिरवावा. दळणाचे सर्व सामान, जात्याचे दगड, त्यांना खाचा पाडायची टाकी-हातोडी आणि तराजू ज्ञानू चव्हाण याला देते. गिरणी चालवून होणारी मिळकत त्याची. पाय दाखवायला लावले त्याबद्दल तराजू वेगळा समजावा.

बँकेतली शिल्लक महांतेशला. दागिने नातीला, तिच्या लग्नात. त्याआधी कुणी "सांभाळायला" मागितले तर देऊ नयेत. दीर बसवेश यांना काही नाही. त्यांनी माझ्या लग्नातले पितळी घंगाळ एका कार्यापुरते नेले होते. ते त्यांच्याकडेच आहे, तीच त्यांची वाटणी.

कलम ६. माझ्या पतींना आमरण या घरात राहण्याचा हक्क आहे. त्यांना ठेवण्याची रीत लिहून ठेवते, कारण दानेश्वरीला ती येते पण तिला ताप आला तर दुसऱ्याला यावी. ते चुकले तर चूक दाखवू नये. झाकण बसत नसेल तर आपण दुसरे आणावे. "मी कोण, ओळखा बघू" असे कुणीही, विशेषतः महांतेशने, विचारू नये. ती परीक्षा नव्हे. फार बावरले तर त्यांना गगनबावड्याचे तिकीट मागावे. बालिंगे, कळे, साळवण असे थांबे ते एकही न चुकता सांगतात आणि सांगता सांगता शांत होतात. वीज गेलेल्या वेळी दारात कुणीतरी बसावे, नुसते बसू नये, मोठ्याने बोलत बसावे.

कलम ७. हे सर्व पाळले जाते की नाही हे बघण्यासाठी गणपतराव सासने यांना व्यवस्थापक नेमते. त्यांनी न सांगता, वेळ बदलून, घरात जाऊन बघावे. दानेश्वरीवर माझा विश्वास आहे. तरीही बघावे. तिने ही गोष्ट माझ्यापासून लपवली ती चांगल्यासाठी. पण ज्याला चांगल्यासाठी लपवता येते त्याला लपवता येते. गणपतरावांवर कुणी लक्ष ठेवायचे, याचा मी पुष्कळ विचार केला. कुणी सापडले नाही. त्यांच्या पत्नीने ठेवावे. कपड्यांवर पीठ बसण्याबद्दल त्यांनी यापुढे अर्ज करू नये, ही विनंती आहे, अट नाही.

कलम ८. माझे क्रियाकर्म समाजाच्या रिवाजाप्रमाणे करावे. त्या दिवशी माणसे येतील, रडतील, पण गिरणी चालू ठेवावी. पतींना मी गेल्याचे एकदाच सांगावे. नंतर त्यांनी मला हाक मारली तर "गिरणीत हायत" एवढेच म्हणावे. खोटे बोलण्याचे पाप मी माझ्या माथी घेते.

हा कागद मी स्वतः सांगितला, वकिलांनी लिहिला. तो साक्षीदारांसमोर वाचून दाखवला, तेव्हा माझे पती शेजारी बसून सगळा ऐकत होते. वाचून झाल्यावर जे झाले ते वकिलांना सहीआधी खाली जोडायला लावले. पतींनी माझ्याकडे वळून विचारले, "या बाईनं लई सोसलंय की. कोण म्हणायची?"

"हाय आपल्याच गल्लीतली," मी म्हणाले.

"भेटाय पायजे एकदा," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितले, भेटवते. आणि सही केली.

स्थळ: कोल्हापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २००५

सही: सौ. शांतव्वा शिवलिंग बुगडे

आमच्यादेखत, आम्हा दोघांना आळीपाळीने निरखून, सौ. शांतव्वा यांनी वरील सही केली; त्यांच्यादेखत आम्हीही करत आहोत.

साक्षीदार १: गणपतराव सासने, उत्तरेश्वर पेठ
साक्षीदार २: डॉ. सुष्मिता हिरेमठ, कोल्हापूर